डेलसाहेबांचा लांब बॉल

कतारमध्ये वाऱ्याचा एक दिवस गेला की खिडकीच्या फटीत वाळू सापडते. झाडून काढा, आठवड्यानं पुन्हा तेवढीच! आमच्या ग्रुपमधल्या डेलसाहेबांच्या किश्श्यांचं अगदी तसंच आहे. कोण कुठून गोळा करतं कळत नाही. शुक्रवारी कुणाच्या घरी चार मराठी डोकी जेवायला जमली आणि एकानं नुसतं "आमचे डेलसाहेब..." म्हटलं, की भात गार झालाच म्हणून समजा.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. आमची पाइपलाइनची कंपनी, साइट दोह्याच्या दक्षिणेला, आणि डेल क्रॉफर्ड हा कंपनीतला एकुलता एक अमेरिकन. सुपरिंटेंडंट होता. उंच, किंचित वाकलेला, उजवा खांदा डाव्यापेक्षा जरा खाली. बाकीचे साहेब इंग्लिश, ते आम्हाला आडनावानं हाक मारत. हा मात्र पहिल्याच दिवशी माझ्या टेबलाच्या कडेवर बसला आणि म्हणाला, "तू प्लॅनिंगवाला ना? मग सांग, या देशात सावली कुठे मिळते?"

मला माणूस तिथेच आवडला.

*

पहिला मान बापटांचा. बापट म्हणजे आमचे हेड ड्राफ्ट्समन, नाशिकचे. ज्यावर बापटांचं मत तयार नाही असा विषय अजून निघायचा होता.

डेल कॉलेजात फुटबॉल खेळायचा, एवढं बापटांच्या कानावर आलं. बापट स्वतः शाळेत फुटबॉल खेळलेले. ते ताठ मानेनं त्याच्या केबिनमध्ये गेले आणि म्हणाले, "सर, मीही खेळलोय. तुम्ही डाव्या पायाचे की उजव्या?"

डेल म्हणाला, "उजव्या हाताचा."

बापट परत आले ते दुपारपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. ऑफिसात एवढी शांतता आम्ही त्याआधी फक्त ईदच्या सुट्टीत ऐकली होती!

दुसऱ्या दिवशी डेलनं त्यांच्या अमेरिकन फुटबॉलचा चेंडूच आणून दाखवला. तपकिरी, दोन्हीकडे टोकदार, वर शिवण. कँटीनमध्ये तो हातोहात फिरला. सावंत नावाचा आमचा पाइप फोरमन होता, मालवणकडचा, कॅम्पमध्ये राहणारा. त्यानं चेंडू उलटापालटा केला, कानाशी धरून हलवून पाहिला आणि निकाल दिला, "ह्यो खयचो चेंडू? ह्यो तर असोलो नारळ!"

*

मग आमच्या चौकशा सुरू झाल्या. आम्हा मंडळींना दुसऱ्याचं सगळं जाणून घ्यायची भारी हौस, आणि डेलला सांगायला कंटाळा नव्हता.

त्याचं कॉलेज अमेरिकेच्या मधल्या भागात, चारी बाजूंनी गव्हाची शेतं. कॉलेज इतकं लहान, की मध्यंतरात बँड वाजायचा तेव्हा टीममधलाच एक गडी मळक्या कपड्यांत धावत जाऊन ट्रंपेट वाजवायचा आणि पुन्हा धावत खेळायला यायचा! दुसऱ्या गावी मॅच असली आणि ड्रायव्हर आजारी पडला, की बस डेलच चालवायचा.

"तुमचं काम काय असायचं पण?" मी विचारलं.

"मी क्वार्टरबॅक. बॉल आधी माझ्या हातात येतो. तो कुणाला द्यायचा ते मी ठरवतो. तेवढ्यात समोरची चार धिप्पाड माणसं मला आडवं पाडायला धावत येतात."

"आणि हे सगळं तासभर चालतं?"

"घड्याळात तासभर. बॉल प्रत्यक्ष हलतो तो जेमतेम दहा-बारा मिनिटं."

"मग उरलेला वेळ?"

"गोल करून उभे राहतो, डोकी जवळ आणतो आणि पुढे काय करायचं त्याची मीटिंग घेतो."

बापटांचा चेहरा खुलला. इतक्या दिवसांनी त्यांना हा खेळ समजला होता. "अहो, म्हणजे आपलं हेड ऑफिस!"

*

ही डोकी जवळ आणायची पद्धत डेलनं साइटवरही आणली. रोज सकाळी काम सुरू करण्याआधी फिटर, वेल्डर, रिगर, सगळे गोल करून एकमेकांच्या खांद्यावर हात टाकायचे. त्यात आपले मराठी, मल्याळी, पठाण, सगळे. मधे वाकून डेल चार वाक्यं बोलायचा. सावंत त्याचं हिंदी करायचा. मग सगळ्यांनी एकदम टाळी द्यायची आणि अरबीत 'चला' म्हणून ओरडायचं, "यल्ला!"

इंग्लिश साहेबांनी नाकं मुरडली. पण माणसं कामाला अशी लागायची, की बोलायला जागा नव्हती.

एक दिवस क्लायंटतर्फे अबू नासर इन्स्पेक्शनला आले. भारदस्त कतारी गृहस्थ, हिंदी छान बोलायचे. त्यांनी लांबून हे कोंडाळं पाहिलं. गाडीतून उतरले, चपला काढून बाजूला ठेवल्या, दोन फिटरच्या मधे शिरले आणि मान खाली घालून उभे राहिले. टाळी झाली, यल्ला झालं.

मी हळूच म्हटलं, "सर, तुम्हाला काय वाटलं हे?"

"मालूम नहीं कौनसी दुआ है," अबू नासर चपला घालत म्हणाले, "लेकिन अच्छा है. रोज करो."

*

साइटवर वस्तू फेकायची सक्त मनाई. वरच्या माणसाला काही हवं असेल तर बादलीला दोरी बांधून चढवायचं. एकदा वर टाकीच्या मचाणावर एका वेल्डरला हातमोजे हवे होते, आणि दोरी कुठे तरी अडकलेली. डेलनं मोज्यांची जोडी घट्ट गुंडाळली, वर टेप मारली, दोन पावलं मागे गेला आणि फेकली. गुंडाळी गरगर फिरत सरळ वर गेली आणि वेल्डरच्या छातीशी अलगद पोचली. त्यानं हातसुद्धा हलवला नसेल!

मागेच सेफ्टी ऑफिसर उभा. कडक इंग्लिश माणूस, त्याला हसताना कुणी पाहिलेलं नव्हतं. तो लालबुंद होऊन आला. "मिस्टर क्रॉफर्ड! ही पहिली वॉर्निंग!"

"सॉरी," डेल म्हणाला.

ऑफिसर वळला. चार पावलं गेला. थांबला. आजूबाजूला कोण आहे ते पाहिलं आणि खालच्या आवाजात म्हणाला, "पुन्हा एकदा जमेल?"

डेलनं नाही म्हणून मान हलवली. तोवर तो डाव्या हातानं उजवा खांदा दाबत होता. तो दुखतोय हे मला त्या दिवशी कळलं. डॉक्टरनं काय सांगितलंय हेही त्यानंच सांगितलं. छोटं फेकलं तर चालेल, लांब फेकायचं नाही.

*

आता आमच्या घरचा किस्सा. दोह्याजवळ मुऐदरला आमचं भाड्याचं घर होतं. सुनंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, पुरणपोळ्या केल्या होत्या आणि डेलला जेवायला बोलावलं होतं. तीन पोळ्या खाऊन झाल्यावर तिनं विचारलं, "शेवटची मॅच कशी झाली तुमची?"

डेलनं हात पुसले. मग त्यानं ताटातल्या वाट्या बाहेर काढून टेबलावर मांडल्या. कटाची वाटी म्हणजे तो स्वतः. तुपाची वाटी म्हणजे जिम, त्याचा लहानपणापासूनचा मित्र. लिंबाची फोड म्हणजे बॉल.

चार वर्षं कोचनं त्याला लांब बॉल फेकू दिला नव्हता. छोटे छोटे पास दे, धोका नको. शेवटच्या मॅचच्या शेवटच्या मिनिटाला टीम मागे होती, तेव्हा कोच पहिल्यांदा म्हणाला, फेक. जिम धावत सुटला. तुपाची वाटी टेबलाच्या पार टोकाला गेली. डेलनं लिंबाची फोड उचलली, सावकाश हवेतून नेली आणि वाटीच्या वर आणली.

"हातात पडला होता त्याच्या. दोन्ही हातांत." त्यानं फोड टेबलावर ठेवली, वाटीच्या बाहेर. "मग सुटला."

झालं. छोट्या कॉलेजच्या खेळाडूला पुढे कोण विचारतो? दुसऱ्या महिन्यात तो पाइपलाइनवर नोकरीला लागला. "मला जिंकायचं वगैरे नाही आता," तो म्हणाला. "मी लांब फेकलेला एक बॉल शेवटपर्यंत पोचलेला बघायचाय. एकच."

मी काहीतरी समजुतीचं बोलणार होतो. तेवढ्यात सुनंदा म्हणाली, "आणि जिमचं काय झालं हो?"

डेल तिच्याकडे बघतच राहिला. "ट्रॅक्टर विकतो," तो म्हणाला. "मी त्याच्याशी त्यानंतर बोललो नाही. आजपर्यंत हे मला कुणी विचारलंच नव्हतं."

सुनंदानं तुपाची वाटी उचलून पुन्हा त्याच्या ताटात ठेवली आणि चौथी पोळी वाढली.

*

दोह्यात टेक्सासवाल्यांची एक ड्रिलिंग कंपनी होती. नोव्हेंबरात त्यांचा टर्की खायचा सण येतो. सण गुरुवारी, पण सुट्टी आपली शुक्रवारची, म्हणून शुक्रवारी ते आपसात फुटबॉल खेळायचे. त्यांचा कॅप्टन हँक, कपाटाएवढा माणूस, मोठ्या नावाच्या कॉलेजात खेळलेला. तो डेलला म्हणाला, "तुझी टीम आण की! छोट्या कॉलेजवाल्याला माणसं मिळतील ना?"

डेलनं साइटवर येऊन विचारलं, "सातजण हवेत. कोण येतं?"

"सात?" सावंत म्हणाला. "सात म्हणजे आमची कबड्डीच की!" आणि संध्याकाळपर्यंत त्यानं टीम उभी केली. सगळे कॅम्पमधले कबड्डीवाले, अधूनमधून टेनिस बॉलचं क्रिकेट खेळणारे.

तेव्हा दोह्यातल्या वेस्ट बेला टॉवर वगैरे काही नव्हतं. समुद्रात भराव घालून काढलेली नुसती सपाट जमीन आणि पलीकडे पाणी. तिथे चुन्याची फक्की मारून मैदान आखलं. कुणी कुणाला पाडायचं नाही, बॉलवाल्याला दोन्ही हातांनी शिवलं की डाव थांबला, बॉल हातात धरून समोरची शेवटची रेघ ओलांडली की गुण, असा सोपा नियम ठरला.

पहिल्याच प्रॅक्टिसला डेलनं सावंतच्या हातात बॉल दिला आणि सांगितलं, पळ. सावंतनं मांडीवर थाप मारली, दम धरला आणि "कबड्डी कबड्डी कबड्डी" करत समोरच्यांच्या अंगावर धावून गेला! मोकळी जागा उजवीकडे, हा डावीकडे घुसून एकेकाला शिवतोय. तिघांना शिवून, दम न सोडता परत आमच्याच बाजूला आला, बॉल डेलच्या पायाशी ठेवला आणि म्हणाला, "साब, तीन आउट!"

डेल वाळूवर बसला आणि पोट धरून हसला. मग उठून त्यानं सावंतला समजावलं, की इथे लोक तुझ्यापासून पळत नाहीत, तूच लोकांपासून पळायचं असतं. सावंतला ते फारसं पटलं नाही, पण साहेबांसाठी तो कबूल झाला.

*

पहिल्या वर्षीच्या मॅचबद्दल आमच्यात अजूनही कुणी मोठ्यानं बोलत नाही. पण सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

शेवटचा डाव होता आणि आम्ही थोडक्यात मागे होतो. डेलनं खांद्याचा विचार सोडला आणि लांब फेकला. काय बॉल होता! सावंत मागे बघत धावत होता, शेवटच्या रेघेच्या अलीकडे त्यानं उडी मारली आणि एका हातात झेल घेतला. मैदानावर एकच ओरडा झाला.

आणि सावंतनं काय करावं? जन्मभराच्या सवयीनं बॉल आभाळात उडवला आणि दोन्ही हात वर करून ओरडला, "आउट!"

आमचे बाकीचे वीर धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडले. कुणी पाठीवर थापा मारतंय, कुणी त्याला उचलतंय. बापट कडेला उभे राहून टाळ्या वाजवतायत. हँकनं शांतपणे खाली पडलेला बॉल उचलला आणि पार दुसऱ्या टोकाला घेऊन गेला. आमची मिठी सुटली तेव्हा टेक्सासवाले टर्की कापायला बसले होते.

डेल जागच्या जागी उभा होता, खांदा धरून. कुणावर ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

परतताना गाडीत मी सावंतला जिमची गोष्ट सांगितली. त्याचा चेहरा पडला. "झेल पकडलो की खेळ संपता, असाच वाटला माका," तो म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, "म्हणजे मी साहेबांचो दुसरो जिमच झालंय."

*

दुसऱ्या दिवशी सावंत डेलच्या केबिनमध्ये गेला. काय बोलणं झालं ते दोघांनाच माहीत, पण बाहेर आला तेव्हा बॉल त्याच्या बगलेत होता. डेलनं दारातून, बाहेर थांबलेल्या सावंतच्या खोलीतल्या मित्रांना सांगितलं, "कधीही, कुठेही, याच्या हातातली वस्तू उडवायचा प्रयत्न करा." आणि सावंतला सांगितलं, "छोडना नहीं. मैं बोलेगा, तब छोडना."

त्यानंतर वर्षभर सावंत जे धरायचा ते धरायचा. बगलेत बॉल घेऊन जेवायचा, बॉल घेऊन झोपायचा. कॅम्पमध्ये कुणीही मागून येऊन फटका मारायचं. सावंतचं हेल्मेट पडलं, चष्मा पडला, बॉल कधी पडला नाही.

एका शुक्रवारी तो बाजारातून कलिंगड घेऊन निघाला. मागून खोलीतल्या दोस्तानं मारली थाप! सावंत कलिंगड बगलेत दाबून सुसाट सुटला. गर्दीतून माणूस पळतोय म्हटल्यावर दुकानदार ओरडले, "हरामी! हरामी!" म्हणजे अरबीत चोर. पोलिसानं त्याला अडवलं. कलिंगड विकणारा सांगत होता की पैसे मिळालेत, चोरी नाही.

"फिर भागता क्यों?" पोलीस म्हणाला.

"साब, प्रॅक्टिस."

पोलिसाला काही उमजेना. त्यानं कलिंगड पाहायला मागितलं. सावंत देईना! पोलीस ओढतोय, सावंत हात जोडल्यासारखा चेहरा करतोय, पण पकड तशीच. शेवटी दोस्तानं फोन करून डेलला बोलावलं. डेल गाडीतून उतरला आणि म्हणाला, "ठीक है, सावंत. छोडो."

तेव्हा कुठे कलिंगड सुटलं.

पोलीस थक्क. हा कसला खेळ, त्यानं विचारलं. डेलनं कलिंगड हातात घेऊन दाखवलं आणि उत्साहाच्या भरात पोलिसाकडे अलगद टाकलं. ते त्याच्या हातातून निसटून बुटांवर फुटलं! पोलिसासकट सगळ्यांनी तिथेच उभं राहून खाल्लं. सावंत एकटाच गंभीर होता. "माझ्या हातात रव्हला असता," तो म्हणाला, "तर फुटला नसता."

*

दुसऱ्या वर्षीचा नोव्हेंबर आला. डेलचं काँट्रॅक्ट संपत होतं, डिसेंबरात तो घरी जाणार होता. खांदा आणखी बिघडला होता. चहाचा कप डाव्या हातानं धरायचा.

मैदान तेच. पंच म्हणून अबू नासर, कारण त्यांच्याकडे शिट्टी होती आणि दोन्ही बाजूंना त्यांच्याशी वाद घालायची हिंमत नव्हती. कडेला सुनंदा थर्मास घेऊन बसली होती, शेजारी बापट.

मॅचभर डेलनं छोटे छोटे पास दिले. हँकला खांद्याचं कळलं होतं. तो आपल्या माणसांना ओरडून सांगत होता, "जवळ या! पुढे या! याच्याच्यानं लांब फेकवत नाही!" आणि ते खरंच इतके जवळ आले, की मागची सगळी जमीन मोकळी पडली.

शेवटचा डाव. आम्ही थोडेसे मागे, अगदी गेल्या वर्षीसारखेच.

डोकी जवळ आली. डेलनं दोनच शब्दांत सांगितलं, "सावंत, सीधा."

टाळी झाली, यल्ला झालं. सावंत कडेला जाऊन उभा राहिला.

सुनंदानं मला विचारलं, "म्हणजे ती तुपाची वाटी आज सावंत ना?"

मी मान हलवली.

बॉल डेलच्या हातात आला. सावंत सुटला. डेल दोन पावलं मागे गेला, हात पार मागे नेला आणि फेकताना त्याच्या तोंडून जो आवाज आला तो आम्हाला कडेपर्यंत ऐकू आला. तो गुडघ्यावर बसला, पण नजर वर. बॉल हँकच्या डोक्यावरून गेला. सगळ्यांच्या डोक्यांवरून गेला. सावंतनं मागे वळून दोन्ही हात पसरले आणि बॉल छातीशी घट्ट धरला.

त्यानं रेघ ओलांडली. अबू नासर शिट्टी फुंकत ओरडले, "खलास! खलास!" आमची माणसं नाचायला लागली.

सावंत थांबला नाही.

"अहो, हा कुठे निघाला?" बापट म्हणाले.

सावंत पळतच होता. "कबड्डी कबड्डी" ऐकू येत होतं, मग तेही अस्पष्ट झालं. भरावाची जमीन संपली. तो दगडांवरून खाली उतरला, पाण्यात शिरला, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, आणि मग उभा राहिला. बॉल दोन्ही हातांनी डोक्यावर धरून, आमच्याकडे तोंड करून.

डेल उठला. उजवा हात लोंबकळत होता. तो सगळं मैदान चालत गेला. वाटेत हँकनं टोपी काढली, तेही त्यानं पाहिलं नसावं. दगडांवरून उतरला आणि बुटांसकट पाण्यात गेला. आम्ही सगळे मागोमाग काठापर्यंत पोचलो.

सावंतनं बॉल अजून डोक्यावरच धरला होता. "साब," तो म्हणाला, "अब छोडूं?"

डेल त्याच्यासमोर उभा होता. डोळ्यांतलं पाणी गालांवरून वाहत होतं आणि तो हसत होता.

"नहीं," डेल म्हणाला. "अभी नहीं."